रिकाम्या पडद्याचा अर्थ : संहिताशोधाच्या साधनांचा इतिहास आणि ‘न आढळण्या’चा प्रश्न

१. अभावात्मक विधानांचे स्थान

तौलनिक साहित्याभ्यासात ‘आहे’ या विधानाइतकेच ‘नाही’ हे विधानही महत्त्वाचे असते. एखाद्या कवीच्या भाषेत फार्सी शब्द नाहीत, एका परंपरेतील रूपक दुसऱ्या परंपरेत आढळत नाही, अमुक ग्रंथकाराने अमुक अव्यय वापरलेले नाही. अशा अभावात्मक विधानांवर प्रभाव, कर्तृत्व आणि कालनिश्चिती यांविषयीचे कितीतरी निष्कर्ष उभे असतात. पूर्वी ही विधाने संपूर्ण ग्रंथ डोळ्यांखालून घालूनच करावी लागत. संगणकीय संहितासंग्रह हाती आल्यापासून ती बहुधा शोधसाधनाने दिलेल्या उत्तरावरून केली जातात. साधनाने एकही ओळ दाखवली नाही, की तो शब्द संहितेत नाही असे मानले जाते.

हे गृहीत सर्वकाळ खरे नसते. शब्द संहितेत असूनही पडदा रिकामा राहू शकतो, आणि असे का घडते याची उत्तरे या साधनांच्या घडणीत व इतिहासात दडलेली आहेत. युनिक्स प्रणालीबरोबर विकसित झालेली ‘ग्रेप’, ‘सेड’ व ‘ऑक’ ही कमांड-लाइन साधने, म्हणजे अक्षरी आज्ञा टंकून चालवावयाची साधने, आजही मोठमोठ्या संहितासंग्रहांच्या प्रक्रियेसाठी वापरली जातात. त्यांच्या इतिहासाच्या आधारे, आणि मराठी संहितांच्या विशेष संदर्भात, ‘न आढळणे’ या घटनेचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

२. एका कर्तृत्वप्रश्नातून जन्मलेले साधन

अमेरिकेच्या नव्या संविधानाच्या समर्थनार्थ १७८७-८८ मध्ये, मुख्यत्वे न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रांतून, ‘पब्लियस’ या टोपणनावाने निबंध प्रसिद्ध झाले. ‘फेडरलिस्ट’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या ८५ निबंधांचे लेखक अलेक्झांडर हॅमिल्टन, जेम्स मॅडिसन आणि जॉन जे हे तिघे होत. त्यांपैकी १२ निबंध हॅमिल्टनचे की मॅडिसनचे हा वाद दीर्घकाळ चालला. फ्रेडरिक मोस्टेलर आणि डेव्हिड वॉलेस या संख्याशास्त्रज्ञांनी १९६४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हा वाद शब्दांच्या वारंवारितेच्या आधारे तपासला आणि वादग्रस्त निबंध मॅडिसनचे असण्याची शक्यता फार मोठी असल्याचे दाखवले. त्यांचा भर विषयवाचक शब्दांवर नव्हता. ‘अपॉन’सारख्या किरकोळ शब्दांवर होता. हॅमिल्टनच्या लेखनात हा शब्द दर हजार शब्दांत सुमारे तीनदा येतो, मॅडिसनच्या लेखनात तो क्वचितच दिसतो. हॅमिल्टन ‘व्हाइल’ लिहितो, तर मॅडिसन ‘व्हाइल्स्ट’. या भेदाकडे इतिहासकार डग्लस ॲडेअर यांनी त्यांचे लक्ष वेधले होते. म्हणजे एखादा शब्द न आढळणे हाच येथे पुराव्याचा एक भाग होता.

याच निबंधांशी ‘ग्रेप’ या साधनाचा जन्म निगडित आहे. ब्रायन कर्निघन यांनी सांगितलेल्या आठवणीनुसार, न्यू जर्सी राज्यातील मरे हिल येथील बेल प्रयोगशाळेत ली मॅकमॅहन हे ‘फेडरलिस्ट’ निबंधांच्या भाषेचा अभ्यास करीत होते. त्या वेळच्या ‘एड’ या संपादन-साधनात एकेका ओळीवर काम करता येई. परंतु तत्कालीन यंत्राची स्मृती इतकी तोकडी होती की निबंधांची फाइल त्यात मावत नसे. केन थॉम्पसन यांनी ‘एड’मधील शोधाचा भाग वेगळा काढून एक स्वतंत्र साधन तयार केले. ते संपूर्ण फाइल स्मृतीत न घेता ओळीमागून ओळ वाचत जाई आणि जुळणारी ओळ छापी. ‘एड’मधील ‘ग्लोबल, रेग्युलर एक्स्प्रेशन, प्रिंट’ या आज्ञेच्या आद्याक्षरांवरून त्याला ‘ग्रेप’ हे नाव मिळाले. युनिक्सच्या चौथ्या आवृत्तीच्या १९७३ मधील पुस्तिकेत त्याची नोंद आहे. पुढे मॅकमॅहन यांनी ‘सेड’ हे साधन रचले. १९७७ मध्ये आल्फ्रेड अहो, पीटर वाइनबर्गर आणि कर्निघन यांनी ‘ऑक’ तयार केले. तिघांच्या आडनावांची आद्याक्षरे त्याच्या नावात आहेत.

या जन्मकथेतून दोन गोष्टी ध्यानात येतात. पहिली, ही साधने केवळ अभियंत्यांच्या सोयीसाठी झालेली नाहीत. साहित्यिक कर्तृत्वाचा प्रश्न त्यांच्या मुळाशी आहे. दुसरी, त्यांचा घटक ‘ओळ’ हा आहे आणि त्यांच्या दृष्टीने अक्षर म्हणजे एक बाइट. १९६३ च्या ॲस्की संकेतनात इंग्रजीचे प्रत्येक अक्षर एका बाइटमध्ये मावत असल्याने ‘फेडरलिस्ट’पुरती ही गृहीते पुरेशी होती. इतर लिप्यांच्या संदर्भात मात्र त्यांतूनच अडचणी उद्भवल्या.

३. अबोलपणाचा संकेत आणि तीन उत्तरे

युनिक्सची साधने मितभाषी आहेत. सांगण्यासारखे काही नसेल तर ती काहीच सांगत नाहीत. या संकेताला व्यावहारिक कारण होते. त्या काळचे टेलिटाइप यंत्र सेकंदाला दहा अक्षरे कागदावर छापी. अनावश्यक मजकूर म्हणजे वेळेचा अपव्यय. त्याहून महत्त्वाचे कारण ‘पाइप’ ही रचना होय. डग्लस मॅकिलरॉय यांनी १९६४ पासून मांडलेली आणि १९७३ च्या सुमारास युनिक्समध्ये आलेली ही कल्पना अशी, की एका साधनाचे आउटपुट थेट दुसऱ्याचे इनपुट व्हावे. अशा साखळीत ‘काही सापडले नाही’ असे वाक्य छापले गेले, तर पुढचे साधन त्यालाच संहिता समजेल. म्हणून अबोल राहणे आवश्यक ठरले.

तथापि ‘ग्रेप’ संपूर्णतः अबोल नाही. काम संपताना ते एक अंक मागे ठेवते. जुळणी झाली तर शून्य, झाली नाही तर एक, आणि फाइल उघडता आली नाही किंवा शोधाची रचनाच चुकीची असेल तर दोन. १९७९ च्या सातव्या आवृत्तीच्या पुस्तिकेत हा संकेत नोंदवलेला आहे आणि पुढे तो पॉझिक्स मानकातही आला. ‘सापडले’, ‘शोधले पण सापडले नाही’ आणि ‘शोधताच आले नाही’ अशी ही तीन भिन्न उत्तरे आहेत. परंतु आउटपुटच्या ठिकाणी दुसरे व तिसरे उत्तर सारखेच, म्हणजे रिकामे असते. चुकीचा संदेश येतो तो वेगळ्या मार्गाने. आउटपुट फाइलमध्ये साठवले असेल तर तो त्या फाइलीत उतरत नाही. पाइपच्या साखळीत तर सामान्यतः शेवटच्या साधनाचाच अंक उरतो आणि आधीच्या टप्प्यावरील अपयश झाकले जाते.

हा भेद पाठचिकित्सेला नवा नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ ते १९६६ या काळात सिद्ध केलेल्या महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीत पाठभेदांच्या नोंदी देताना, एखाद्या हस्तलिखितात श्लोक गाळलेला असणे आणि ते पानच हरवलेले किंवा खराब झालेले असणे, या गोष्टी वेगवेगळ्या दर्शवल्या आहेत. पहिल्या बाबतीत हस्तलिखित त्या श्लोकाविषयी साक्ष देते. दुसऱ्या बाबतीत ते साक्षच देऊ शकत नाही. हरवलेल्या पानाला वगळलेला श्लोक मानून शाखानिर्णय करणारा संपादक सदोष ठरेल. रिकाम्या आउटपुटवरून निष्कर्ष काढणाऱ्या अभ्यासकापुढेही नेमका हाच प्रश्न असतो.

४. आउटपुट कोठे हरवते

आउटपुट हरवण्याची कारणे स्थूलमानाने दोन प्रकारची आहेत. पहिला प्रकार प्रक्रियेच्या घडणीशी संबंधित होय. ओळीचा शेवट कसा दर्शवावा याविषयी संगणक-प्रणालींत एकवाक्यता नव्हती. युनिक्समध्ये एक चिन्ह, विंडोजमध्ये दोन, तर मॅकिन्टॉशच्या जुन्या प्रणालीत युनिक्सहून वेगळे एकच चिन्ह वापरले जाई. विंडोजवर तयार झालेल्या फाइलीत ‘ओळीच्या शेवटी येणारा शब्द’ शोधला, तर त्या शब्दानंतर एक अदृश्य चिन्ह असल्याने जुळणी होत नाही. कवितेतील अंत्ययमकांच्या अभ्यासात ही चूक संपूर्ण सामग्रीच नाहीशी करू शकते. तेच चिन्ह ओळीच्या मध्ये आले, तर पडद्यावरील लेखनबिंदू ओळीच्या आरंभी परततो आणि पुढचा मजकूर आधीच्या मजकुरावर उमटतो. येथे आउटपुट असते, पण दिसत नाही. जुन्या मॅकिन्टॉश फाइलीत युनिक्सच्या दृष्टीने संपूर्ण ग्रंथ ही एकच ओळ ठरते. तिच्यातील दुसरी ओळ मागितली, तर काहीच हाती येत नाही. फाइलीच्या अखेरीस ओळसमाप्तीचे चिन्ह नसेल, तर एकेक ओळ वाचणारी शेल-आज्ञावली बहुधा शेवटची ओळ वगळते. ओवीबद्ध ग्रंथात ती नेमकी समाप्तीची ओवी असू शकते.

ज्या फाइलीतून वाचावयाचे तिच्यातच आउटपुट साठवण्याची आज्ञा दिली, तर संहिताच नष्ट होते. कारण साधन सुरू होण्यापूर्वीच शेल ती फाइल लेखनासाठी रिकामी करून ठेवतो. ‘सेड’ला आपोआप छापू नये असे सांगून छापण्याची आज्ञा द्यावयाची राहिली, तर सर्व काम होऊनही एक ओळ बाहेर येत नाही. पाइपमधून जाणारे आउटपुट ओळीओळीने न जाता साठा भरल्यावर एकदम पुढे जाते. म्हणून दीर्घ प्रक्रिया मध्येच थांबवली, तर साठ्यात उरलेला भाग कायमचा जातो.

दुसरा प्रकार संकेतनाचा. भारतीय लिप्यांच्या संहितांत अधिक हानी याच प्रकारामुळे होते.

५. मराठी संहितांचे संकेतन

भारतीय मानक ब्यूरोने १९९१ मध्ये स्वीकारलेल्या ‘इस्की’ संकेतनात ब्राह्मीजन्य लिप्यांसाठी एकच सामाईक, एकबाइटी मांडणी होती. त्याच वर्षी भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाच्या कार्यक्रमातून भारतीय भाषांचे, प्रत्येकी सुमारे ३० लाख शब्दांचे, संहितासंग्रह तयार करण्याचे काम सुरू झाले. मराठी व गुजराती संग्रहांची जबाबदारी पुण्याच्या डेक्कन कॉलेजकडे होती. छपाईच्या क्षेत्रात मात्र निरनिराळ्या कंपन्यांचे फाँट रूढ झाले. त्यांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकृत्या बसवलेल्या असत. अशा फाइलीत संगणकाच्या लेखी देवनागरी नसतेच. अक्षर काना, मात्रा, अर्धव्यंजन अशा आकृत्यांत तुटलेले असते आणि ऱ्हस्व वेलांटी दिसते तशी व्यंजनाच्या आधी साठवलेली असते. तेथे युनिकोडमधील शब्द शोधणाऱ्याला शून्य उत्तर मिळणे अपरिहार्य असते.

युनिकोडची पहिली आवृत्तीही १९९१ मधीलच. तिच्यातील देवनागरी विभाग १९८८ च्या इस्कीवर आधारलेला आहे. सप्टेंबर १९९२ मध्ये थॉम्पसन यांनीच रॉब पाइक यांच्यासह ‘यूटीएफ-८’ हे संकेतन रचले. त्यात ॲस्की अक्षरे पूर्ववत एका बाइटची राहतात. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे होते. जुनी साधने त्यामुळे मोडली नाहीत, पण ‘एक अक्षर म्हणजे एक बाइट’ हे समीकरण संपले. ‘कट’ या साधनाची ग्नू आवृत्ती दीर्घकाळ अक्षरांऐवजी बाइटच मोजत आली. तिच्याकडे पहिली दहा ‘अक्षरे’ मागितली, की तीन देवनागरी चिन्हे आणि चौथ्याचा एक निरर्थक तुकडा मिळे.

असा तुकडा, किंवा यूटीएफ-८ वातावरणात उघडलेली इस्की फाइल, ग्नू ‘ग्रेप’च्या दृष्टीने मजकूरच नव्हे. अशी फाइल ‘बायनरी’ मानून ते जुळणी झाल्याचे कळवते, परंतु जुळलेली ओळ छापत नाही. हा संदेश पूर्वी आउटपुटमध्येच मिसळत असे आणि ओळी मोजणाऱ्या पुढच्या साधनाला तो एक आढळ वाटे. २०२० मधील ३.५ आवृत्तीपासून तो चुकांच्या स्वतंत्र मार्गाने जातो. त्यामुळे मोजणी शुद्ध झाली, पण आउटपुटच्या फाइलीत त्या त्रुटीची खूणही उरेनाशी झाली.

आणखी एक उदाहरण विशेष बोधप्रद आहे. लँकेस्टर व शेफील्ड विद्यापीठांच्या ‘एमिल’ प्रकल्पाने २००० नंतरच्या वर्षांत म्हैसूरच्या भारतीय भाषा संस्थानाच्या सहकार्याने दक्षिण आशियाई भाषांचा जो संग्रह सिद्ध केला, त्यात मराठीचाही समावेश आहे. त्याच्या फाइली दोन बाइटांच्या युनिकोडमध्ये आहेत. या संकेतनात देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाचा एक बाइट ०९ असतो. बाइट वाचणाऱ्या साधनासाठी ०९ म्हणजे ‘टॅब’. ‘उ’चा क्रमांक ०९०९ असल्याने ते दोन टॅब ठरतात. ‘ऊ’चा क्रमांक षोडशमान पद्धतीने ०९०ए आहे, आणि ०ए म्हणजे युनिक्समधील ओळीचा शेवट. परिणामी, रूपांतर न करता अशी फाइल ‘ऑक’ला दिली, तर प्रत्येक चिन्हापाशी रकाना तुटतो आणि प्रत्येक ‘ऊ’पाशी ओळ तुटते. संग्रहात दोष नाही आणि साधनातही नाही. दोहोंमधील संकेत जुळत नाहीत, इतकेच.

संकेतन योग्य असूनही शब्द न आढळण्याचे प्रसंग मराठीत आहेत. ‘दर्या’ हा फार्सीतून आलेला शब्द समुद्राचा वाचक, तर ‘दऱ्या’ हे ‘दरी’चे अनेकवचन. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ ही जोडीही तशीच. या आडव्या रफारासाठी युनिकोडमध्ये दोन मार्ग आहेत. एकात ‘ऱ’ हे स्वतंत्र चिन्ह व हलन्त. दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य संयोजक चिन्ह. दोन्ही पडद्यावर सारखीच दिसतात. युनिकोडच्या प्रमाणीकरणाच्या नियमांनी मात्र ती एकरूप होत नाहीत. एका मार्गाने टंकलेला ‘दऱ्या’ दुसऱ्या मार्गाने शोधल्यास सापडत नाही. संग्रह स्वच्छ करताना कोणी अदृश्य चिन्हे काढून टाकली, तर दुसऱ्या मार्गाने लिहिलेल्या साऱ्या ‘दऱ्या’ ‘दर्या’ होतात. मग दऱ्यांचा आढळ शून्यावर येतो आणि फार्सी शब्दाचा आढळ वाढतो. आदानशब्दांचा तौलनिक अभ्यास करणाऱ्यासाठी ही दुहेरी दिशाभूल होय.

‘ॲ’ची कथा कालनिश्चितीच्या दृष्टीने अधिक गंभीर आहे. या अक्षरासाठी स्वतंत्र चिन्ह युनिकोडच्या ५.१ आवृत्तीत, म्हणजे २००८ मध्ये आले. तत्पूर्वी ते ‘अ’ आणि चंद्र ही दोन चिन्हे जोडून, किंवा हिंदीला सोयीचे ‘ऍ’ वापरून लिहिले जाई. नव्या चिन्हानेच शोध घेणाऱ्यास त्यापूर्वी टंकलेल्या संहितांत ‘ॲडव्होकेट’ वा ‘ॲसिड’ एकदाही दिसणार नाहीत, आणि हे इंग्रजी शब्द मराठी लेखनात अलीकडेच आले असा आलेखही काढता येईल. तो आलेख मराठी भाषेचा नसेल. संकेतनाच्या मानकाचा असेल.

६. निदानाची पद्धत

या सर्व कारणांचा निरास एका उपायाने होत नाही. पण रिकाम्या आउटपुटची चिकित्सा क्रमाने करता येते. पहिली पायरी ज्ञात शब्दाच्या चाचणीची. जो शब्द त्या फाइलीत निश्चितपणे आहे, तो त्याच साधनाने, त्याच आज्ञेने शोधावा. तोही सापडला नाही, तर मूळ शब्दाविषयी काहीही सिद्ध झालेले नाही. दुसरी पायरी साखळी सोडवण्याची. पाइपमधील प्रत्येक साधन स्वतंत्रपणे चालवून कोणत्या टप्प्यापर्यंत ओळी येतात आणि कोठे थांबतात, हे मोजावे. साखळीतील कोणत्याही टप्प्याचे अपयश कळवावे असे शेलला सांगण्याची सोयही आहे. २०२४ च्या पॉझिक्स मानकात तिचा समावेश झाला आहे.

तिसरी पायरी प्रत्यक्ष बाइट पाहण्याची. ‘ओडी’ हे युनिक्सच्या १९७१ च्या पहिल्या आवृत्तीपासून चालत आलेले साधन फाइलीतील बाइट अंकांत दाखवते. पडद्यावर सारखे दिसणारे दोन शब्द तेथे वेगळे दिसतात, तसेच ओळीच्या शेवटची अदृश्य चिन्हेही उघड होतात. हस्तलिखिताच्या मोडीतील वळण संशयास्पद वाटल्यास संपादक नकलेवर विसंबत नाही, मूळ पान मागवतो. त्याच स्वरूपाची ही कृती आहे. चौथी पायरी रूपांतराची. ‘आयकॉन्व्ह’सारख्या साधनाने संहिता एका संकेतनात आणून, मूळ फाइल जशीच्या तशी जतन करून, नंतर ‘ऱ’ आणि ‘ॲ’ यांची सर्व लेखनरूपे लक्षात घेऊन शोध घ्यावा लागतो.

यांतील कोणतीही पायरी तांत्रिक साहाय्यकावर सोपवून अभ्यासकाला मोकळे होता येत नाही. कोणती दोन रूपे एकच शब्द मानावयाची आणि कोणती भिन्न, हा निर्णय भाषेच्या जाणकाराचा आहे. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतील भेद साधनाला ठाऊक नसतो.

७. समारोप

‘फेडरलिस्ट’च्या अभ्यासात एखादा शब्द न आढळणे पुरावा ठरू शकले, कारण तेथे शोध पूर्ण झाला होता याविषयी शंका नव्हती. देवनागरी संहितांच्या बाबतीत ही खात्री आयती मिळत नाही. ती प्रत्येक संग्रहासाठी वेगळी मिळवावी लागते. म्हणून संहितासंग्रहाच्या आधारे केलेल्या अभावात्मक विधानासोबत संग्रहाचे संकेतन, शोधलेली लेखनरूपे आणि ज्ञात शब्दाच्या चाचणीचा निकाल, एवढी माहिती दिली जाणे आवश्यक आहे. महाभारताच्या संपादकांनी गाळलेला श्लोक आणि हरवलेले पान यांची नोंद वेगवेगळी ठेवली, म्हणूनच पुढील पिढ्यांना त्यांचे निर्णय तपासून पाहता आले. ‘सापडले नाही’ आणि ‘शोधता आले नाही’ यांतील भेद संगणकीय अभ्यासाच्या तळटीपांतही तसाच नोंदवला गेला, तर या शाखेतील अभावात्मक विधानेही तपासून पाहण्याजोगी होतील.